तुआसहून बांधलेलं ओंडक्यांचं घर

५ जानेवारी, रविवार. दुपारी.
ठरलं. आईसाठी घर बांधायचं. चिऱ्याचं नाही, विटांचं नाही. अख्ख्या ओंडक्यांचं. लॉग होम.
सकाळपासून एकच व्हिडिओ चार वेळा पाहिला. कॅनडातला एक दाढीवाला एकटाच जंगलात जातो, झाडं पाडतो, एकावर एक रचतो. सोबत एक कुत्रा. चाळीस मिनिटांत घर तयार. मधे दोनदा कॉफी पण पितो.
मला तर कुत्र्याचीही गरज नाही. इथे परदेशात, तुआसच्या बंदराजवळ, पाच वर्षं लाकडातच आहे. मोठ्या मशिनी बोटीने पाठवायच्या तर लाकडी पेट्या लागतात, त्या मी ठोकतो. आमच्या यार्डात माझ्याइतकं लाकूड कुणाला कळत नाही. सुपरवायझरला कळतं, पण त्याला त्याचा पगार मिळतो.
शाळा सातवीत सोडली ते बरंच झालं. पुढे शिकलो असतो तर आज मीही चिऱ्याचाच विचार केला असता.

६ जानेवारी, टी-ब्रेक.
कारण लिहून ठेवतो, म्हणजे जोश टिकतो. गेल्या वर्षी हायवे रुंद झाला त्यात आमचं घर गेलं. मागची सहा गुंठे जागा तेवढी राहिली. तेव्हापासून आई कुडाळला वसुधाताईकडे. जावयाचं घर. तिला तिथे कोणी काही बोलत नाही. पण ताई सांगते, आई सगळ्यांचा चहा झाल्यावर चहा घेते आणि पाहुणे आले की मागच्या पडवीत जाऊन बसते. ताईच्या दिराचं मे महिन्यात लग्न. मग ती पडवीही जाणार, तिथे त्याची खोली करणार आहेत.
म्हणजे पावसाच्या आत आई आपल्या घरात हवी. दीनानाथमामा, आईचा भाऊ, गवंडी आहे. तो म्हणतो दोन खोल्या चिऱ्याच्या, वर कौलं, दोन महिन्यांचं काम. मी म्हटलं, मामा, थांब. माझ्याकडे प्लॅन आहे. तो म्हणाला, तुका काय कळता.
हे वाक्य मी विसरणार नाही.

१२ जानेवारी, रविवार.
प्लॅन काढला. पेटीच्या पुठ्ठ्यावर, मार्करने. मोठा हॉल, वर माळा, पुढे लाकडी डेक, एका भिंतीत फायरप्लेस. छप्पर एकदम उभं, म्हणजे बर्फ घसरून खाली पडतो. आमच्याकडे बर्फ पडत नाही हे मला माहीत आहे. पण पडला तरी घराला काही होणार नाही, हा मुद्दा आहे.
फोटो पाठवला. आईचा फोन आला. म्हणाली, सगळा बरा आसा, पण चूल खंय? सांगितलं, फायरप्लेस आहे ना. मग ताईने फोन घेतला. म्हणे मे महिन्यात त्या शेकोटीपुढे बसवून आईला भाजायची आहे का?
डिझाइनच्या बाबतीत घरच्यांचं ऐकू नये. मागच्या वेळी ऐकलं होतं. लावे पक्षी पाळायचे ते ऐनवेळी अळंबी करायची ठरली आणि दोन्ही गेलं.
संकल्प: रोज एक व्हिडिओ, एकच. रोज पाच इंग्रजी शब्द.

१३ जानेवारी.
सहा व्हिडिओ. शब्द शून्य. पण व्हिडिओ इंग्रजीतच होते, म्हणजे ते धरायला हरकत नाही.

२९ जानेवारी, बुधवार. चायनीज न्यू इयर, दोन दिवस सुट्टी.
डॉर्ममध्ये सगळे झोपलेत. मला झोप नाही, बसवत नाही. चार वेळा ब्लॉकला फेरी मारून आलो. शेवटी मॉडेल करायला घेतलं.
ओंडके म्हणून चॉपस्टिक्स. हॉकर सेंटरच्या नूडल्सवाल्या आंटीच्या डब्यातून घेतल्या. ती ओरडली, वन बाउल नूडल, हाउ मेनी हँड यू गॉट? मी म्हटलं, फॉर माय मदर. त्यावर तिने अजून एक मूठ दिली. एकूण चौऱ्याण्णव.

३० जानेवारी.
ब्लेडने खाचा पाडल्या. बोट कापलं. मग दुसरं. संध्याकाळी भिंती उभ्या. सगळी जाड टोकं एका बाजूला ठेवली, बारीक टोकं दुसऱ्या बाजूला. दिसायला एकदम शिस्तीत.

२ फेब्रुवारी, रविवार.
मॉडेल खिडकीकडे कललंय. टेबल तिरकं असणार. टेबल बदललं. आता दाराकडे कललंय. दोन्ही टेबलं तिरकी निघाली.
वरच्या बंकवरचा सेल्वम, तंजावूरचा, माझा जिगरी. त्याने हॉलमध्ये स्वतःचा फोन उभा केला आणि पिक्चर बघत बसला. म्हणाला, ब्रदर, वेरी गुड स्टँड. आईच्या घरात पिक्चर बघतोय याची त्याला लाज नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार.
टॅम्पिनीसला मधुवंती वहिनींकडे जाऊन आलो. पुण्याच्या, आर्किटेक्ट. गेल्या गणपतीला मराठी मंडळाच्या खुर्च्या मी एकट्याने लावल्या होत्या, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, कधी काही लागलं तर या. लागलं म्हणून गेलो. तुआस लिंकपासून एमआरटीने, म्हणजे मेट्रोने, तासाच्या वर. सीट रिकाम्या होत्या, पण मी उभाच. मॉडेल मांडीवर राहत नाही आणि मीही जागेवर राहत नाही.
दार त्यांच्या मुलीने, इराने उघडलं. आठ वर्षांची असेल. म्हणाली, अंकल, युअर हाउस इज फॉलिंग, लाह. वहिनींनी तिला आत पाठवलं. त्या स्वतः हसल्या नाहीत. चार चॉपस्टिक्स काढल्या, उलटसुलट लावल्या, एक जाड टोक इकडे, पुढचं तिकडे. भिंत सरळ झाली. मीही हेच करणार होतो.
थालीपीठ छान होतं. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. संडास कुठे आहे? वाळवीचं काय? तिथे खाचा कोण पाडणार? सगळ्यांत शेवटी म्हणाल्या, बाळू, आईंना काय हवंय ते विचारलंस का?
शिकलेल्या माणसांचं असंच. उत्तर दिलं की पुढचा प्रश्न. मी म्हटलं, आईला सरप्राइज आहे. त्या म्हणाल्या, तिला तर सगळं माहीत आहे ना? मी आणखी एक थालीपीठ घेतलं.

३ मार्च, लंच टाइम.
बॉसने पकडलं. मिस्टर गोह तसा चांगला माणूस. पण मी प्रॅक्टिस म्हणून ज्या तुळईवर खाच पाडत होतो, ती एका कस्टमरच्या पेटीचा पाया होती. सहा मीटरची. खाच मात्र फर्स्ट क्लास पडली होती. मी ती त्याला दाखवली. तो खाचेकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. म्हणाला, यू बिल्ड हाउस ऑर यू बिल्ड क्रेट? मी खरं उत्तर दिलं. ती चूक झाली.
उद्यापासून मला पेट्यांवर शिक्के मारायचं काम. हलकं काम आहे. विचार करायला डोकं मोकळं राहतं.

९ मार्च, रविवार.
मामाचा फोन. आवाज चढलेला. म्हणाला, मे उजाडला की माझी बहीण बसणार कुठे? तुझ्या पुठ्ठ्यावर? चिरे सांगू का, एवढंच बोल.
मी शांतपणे सांगितलं. जोतं तू चिऱ्याचं बांध, त्याला माझी परवानगी आहे, कॅनडातही खाली दगडच असतो. वरचं सगळं ओंडक्यांचं. सुरूची झाडं सरळ असतात, भावोजींच्या ओळखीने साठ ओंडके आणून टाक. नंबर घालून ड्रॉइंग पाठवतो. पंधरा मेला आई आत. माझा शब्द.
मामाने तारीख परत विचारून घेतली. मग म्हणाला, बरं. मोठा माणूस बरं म्हणतो म्हणजे पटलेलं असतं.

१६ मार्च, रविवार.
आज भांडण. सगळ्या घरच्यांशी.
ओंडक्यांच्या घरात चौकट आधी बसवत नाहीत. आधी सगळ्या भिंती रचायच्या, मग करवतीने दाराचं भोक कापायचं. व्हिडिओत स्वच्छ दाखवलंय. हे मी सांगितलं तर आई म्हणाली, मग पूजा कशाची करायची? भोकाची? पाडव्याला चौकट बसणार असं तिने भटजींना सांगूनही टाकलं होतं. हळदकुंकू कशाला लावायचं, तोरण कुठे बांधायचं, उंबऱ्यावर पाणी कुठे घालायचं. मी म्हटलं, आई, कॅनडात उंबरा नसतो. ती म्हणाली, म्हणून तो माणूस एकटा कुत्र्याबरोबर राहतो.
ताई मागे हसत होती.
शेवटी मीच मोठेपणा घेतला. चौकट आधी बसवा. ओंडके तिच्या दोन्ही बाजूंनी आणू. डिझाइनर लवचीक असावा लागतो.

३० मार्च, रविवार. पाडवा.
व्हिडिओ कॉलवर चौकट पाहिली. फणसाची. मामाने रंधून गुळगुळीत केलेली. जोत्यावर एकटी उभी, दोन बाजूंनी टेकू, वर आंब्याची पानं, पलीकडे नुसतं आकाश आणि हायवेवरचे ट्रक. आईने उंबऱ्याला कुंकू लावलं आणि पदराने डोळे पुसले. नऊवारी नेसली होती. ती कितीतरी दिवसांनी नेसलेली पाहिली.
मामा चौकटीवर हात ठेवून असा उभा होता जसा तोच मालक आहे.
सेल्वम शेजारी बसून बघत होता. म्हणाला, ब्रदर, डोअर हॅव, हाउस नो हॅव. मी म्हटलं, स्टेप बाय स्टेप.

६ एप्रिल, रविवार.
ओंडके आले! ताईने फोन फिरवून दाखवले. चौकटीच्या डाव्या बाजूला तीन थर रचलेले. मागे मोठी निळी ताडपत्री बांधली आहे. ओंडक्यांना ऊन लागू नये म्हणून, मामा म्हणाला. बघा, मी न सांगता त्याला सुचायला लागलं.
मागून ठकठक आवाज येत होता. विचारलं तर ताई म्हणाली, शेजाऱ्याचं काम चालू आहे. शेजारी तर हायवेत गेला ना? म्हणाली, दुसरा शेजारी.

१३ एप्रिल, रविवार.
आज पाच थर. मला वाटलं आठ होतील. मामा म्हणाला, सावकाश केलेलं टिकतं. आईच्या साडीवर लाल धूळ होती, चिऱ्याची असते तशी. शेजाऱ्याकडे गेली असेल. तिला पहिल्यापासून दुसऱ्यांच्या कामात डोकवायची सवय.
खाचांचे नऊ फोटो आणि तीन ड्रॉइंग मामाला पाठवली. उत्तरात अंगठा आला.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे.
सुट्टी मागितली होती, एक महिन्याची. मिस्टर गोह म्हणाला, कॅनॉट, जून एंड बिग ऑर्डर. ठीक. आजकाल मोठमोठे आर्किटेक्ट साइटवर जातात कुठे? मी इथूनच करतो. जिन्यावर बसून करतो, डॉर्ममध्ये नेटवर्क येत नाही. बसून म्हणजे उतरून-चढून.

२७ एप्रिल, रविवार.
गडबड. आज परत तीनच थर! मागच्या रविवारी सहा होते. विचारलं तर मामा म्हणाला, दोन ओंडके वाकडे निघाले म्हणून काढून परत लावतोय. क्वालिटीसाठी माघार घ्यायची तयारी. मामाबद्दल माझं मत बदलतंय.
आईला विचारलं, आवडतंय का घर? म्हणाली, खूप. एवढं बोलताना ती ताडपत्रीकडे बघत होती, ओंडक्यांकडे नाही. वय झालंय.

४ मे, रविवार.
फार महत्त्वाचं शिकलो. ओंडके वाळले की आकसतात आणि पूर्ण भिंत काही इंच खाली बसते. चौकट मात्र बसत नाही. म्हणून चौकटीच्या वर तीन इंच फट ठेवायची, नाहीतर भिंत चौकटीवर लटकते. तातडीने मामाला कळवलं. मोठ्या अक्षरात. तीन वेळा.
तीन अंगठे आले.
माझ्या एका मेसेजने घर वाचलं.

११ मे, रविवार.
ताई म्हणते जवळजवळ झालं. लग्न वीसला आहे, पडवी रिकामी करायची आहे. ओंडके किती थर विचारलं तर म्हणाली, कॅमेरा खराब झालाय, मोठं दिसत नाही. पण आवाज खुशीत होता. तिचा इतका खुशीतला आवाज गेल्या वर्षभरात ऐकला नव्हता.
मधुवंती वहिनींना मेसेज केला की घर होत आलं. त्यांचा फोन आला. अभिनंदन म्हणाल्या, फोटो पाठव. म्हटलं, पूर्ण झाल्यावर. त्यांनी विचारलं, बाळू, छप्पर कोणी केलं? मी म्हटलं, मामाने, माझ्या ड्रॉइंगप्रमाणे. नंबरवाल्या ड्रॉइंगमध्ये छप्पर अजून काढलेलं नाही, हे फोन ठेवल्यावर आठवलं.

१५ मे, गुरुवार.
आजचा दिवस मी दिला होता. सकाळपासून शिक्के उलटे मारतोय. घरी फोन केला, कोणी उचलला नाही. सगळे कामात असणार. छान.

१६ मे, शुक्रवार. लंच टाइम.
आमच्या फॅमिली ग्रुपवर आईचे अकरा फोटो आले. आईने आयुष्यात कधी फोटो पाठवला नव्हता. नऊ फोटो तिच्या स्वतःच्या बोटाचे आणि जमिनीचे. दोन घराचे.
घर चिऱ्याचं आहे. दोन खोल्या. वर कौलं, छप्पर बेताच्या उताराचं. पुढे पडवी. चौकट बरोबर मध्ये, तोरण सुकलेलं. भिंतींभोवती परांची बांधलेली आहे, मामाच्या माणसांना वर चढून काम करायला. परांची माझ्या ओंडक्यांची.
एक मिनिटात फोटो डिलीट झाले. पण मी पाहिले होते. झूम करूनही पाहिले होते.

१६ मे. परत, बस स्टॉपवर.
ताईला फोन केला. आधी नाही नाही म्हणाली, मग रडली, मग हसली, मग सगळं सांगितलं. चिरे आईनेच मागवले होते. पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी. चौकट तर बसली होती, मामाला पुढे फक्त भिंती आणायच्या होत्या. दर रविवारी माझ्या फोनआधी मामा आणि एक माणूस मिळून अर्धा तास ओंडके चौकटीला टेकवून रचायचे, मागे ताडपत्री ओढायचे. फोन संपला की परत परांचीला. एकदा घाईत तीनच थर झाले.
मी म्हटलं, मला सांगायचं नाही का? ताई म्हणाली, आईने बजावलं होतं. पोर एवढं लांब एकटं आहे, दिवसभर दुसऱ्याच्या पेट्या ठोकतं, त्याला तेवढं एक घर बांधू दे.
दोन बस सोडल्या.

१८ मे, रविवार.
फोन केला नाही. त्यांचाही आला नाही. मग आला. मी उचलला नाही. सेल्वमने उचलला आणि मोडक्या हिंदीत आईशी वीस मिनिटं गप्पा मारल्या. दोघांना एकमेकांचं काय कळलं देव जाणे. त्याने सांगितलं, ब्रदर, मम्मी हॅपी, हाउस फिनिश. अख्ख्या मजल्यावर जाऊन सांगितलं, बाळू बिल्ट हाउस. लोक येऊन हात मिळवायला लागले. एका बांगलादेशीने मिठी मारली. तीन जणांनी प्लॅन मागितला.
प्लॅन दिला. नाही म्हणायला सुचलं नाही.

२५ मे, रविवार.
तिकडे पाऊस वेळेच्या बराच आधी आला. ताईने कळवलं, आई बावीसलाच राहायला गेली. एक थेंब आत नाही. ओंडक्यांचं घर असतं तर आज तिसरा थर चालू असता. हे मी लिहिलं, कारण इथे कोणी वाचत नाही.
चिऱ्याच्या घराचे तोटे: जड असतं. बाकीचे आठवले की लिहीन.

१ जून, रविवार.
शेवटी मीच फोन केला. आई धापा टाकत आली. म्हटलं काय झालं, तर म्हणाली, काही नाही, वाडीतल्या बायका आल्या होत्या, आताच गेल्या, चहाची भांडी विसळत होते. बायका तिच्याकडे आल्या होत्या. तिने चहा केला होता. मी विचारलं, तू घेतलास का? म्हणाली, पहिला कप माझाच, साखर बघायला नको?
फोन कानाला तसाच धरून जिना दोनदा उतरलो, चढलो.
मग ती म्हणाली, रागावलास? मी म्हटलं, छे, मी प्लॅन तसाच केला होता, ओंडके फक्त परांचीला. ती म्हणाली, हो ना, मामाही म्हणतो, लाकूड चांगलं निवडलं होतंस.
म्हटलं, जुलैत सुट्टी मिळतेय, येतो. न कळवता येईन, दारात उभा राहीन, तू बघतच राहशील. ती घाईने म्हणाली, तसं नको हं, आधी कळवून ये. सकाळची मी देवळात असते, दुपारची वाडीत, बुधवारी बाजार. दाराला कुलूप असतं.
विचारलं, मग माझ्यासाठी किल्ली?
म्हणाली, कुलुपाबरोबर दोनच आल्या रे. एक माझ्याकडे, एक मामाकडे.